गणपती होऊन जाऊ देत

लालबाग-परळच्या चाळीत ओट्याशेजारच्या खिळ्याला कालनिर्णय लटकलेलं असतं. त्यावर दूधवाल्याचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, भिशीचा हप्ता असं सगळं पेनानं खरडलेलं. त्याच गर्दीत महिन्यातून एकदा एक बारीक फुली पडते. तिच्याशेजारी काही लिहिलेलं नसतं. घरातल्या पुरुषांना ती दिसत नाही असं नाही, पण ती कशाची हे विचारायचं नसतं. मग एखाद्या महिन्यात पान उलटतं आणि फुली पडतच नाही. चार-पाच दिवस 'होतं पुढंमागं' म्हणण्यात जातात. नंतरचे चार-पाच दिवस बाई कुणाशी काही बोलत नाही, फक्त येता-जाता कालनिर्णयकडे बघते.

आपल्याकडे याला 'दिवस जाणं' म्हणतात. दिवस गेले, दिवस राहिले, दिवस भरले. गरोदरपणाचं सगळं व्याकरण भाषेनं वेळेवर रचलं आहे. दोन वर्षं या विषयावर वाचताना, ऐकताना आणि गिरगावपासून परळपर्यंतच्या रस्त्यांवरून चालताना मला वाटत गेलं, की न ठरवता आलेल्या दिवसांचं काय करायचं, याचा निम्मा निकालही वेळच लावते. बाईनं ठरवण्याआधी दिवस ठरवून मोकळे होतात.

आधी खात्री करायची असते. मेडिकलमध्ये पन्नास-साठ रुपयांना मिळणारी किट. नाक्यावरचा मेडिकलवाला ओळखीचा, म्हणून लालबागची बाई ती दादरहून आणते आणि दादरची परळहून. वर्तमानपत्रात गुंडाळून, पर्सच्या तळाशी. सकाळची पहिली लघवी हवी असते, आणि सामाईक संडासाबाहेर रांगही सकाळीच असते. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, त्यात पाच-सहा माणसं. दाराला कडी लावून एकटं बसता येईल अशी अख्ख्या मजल्यावर एकच जागा, गॅलरीच्या टोकाला. एका हातात बादली, दुसऱ्या मुठीत किट. ड्रॉपरनं तीन थेंब टाकायचे आणि पाच मिनिटं थांबायचं. तिसऱ्याच मिनिटाला बाहेरून दार वाजतं, 'झालं का गं वहिनी?' आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या बातमीबरोबर एकटं राहायला तिला मिळालेला वेळ तो एवढाच. पुढं मिळेल याची खात्री नाही.

दोन रेघा उमटल्या.

ती कुणी एकच बाई नव्हे. नाव द्यायचं तर अर्ध्या गॅलरीची नावं द्यावी लागतील. तरी हिशेबापुरती एक धरू. समजा, तिला दोन मुलं आहेत. नवरा मॉलमध्ये सिक्युरिटीला, कंत्राटावर. ती सकाळी दादरच्या हिंदू कॉलनीत तीन घरी पोळ्या लाटते. घरात सासूबाई, आणि पोटमाळ्यावर लग्नाचा दीर. तिची शेवटची पाळी आली १ जूनला.

डॉक्टर आणि कायदा दोघंही गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे २९ जूनला पाळी चुकली, तेव्हा हिशेबात चार आठवडे आधीच जमा झालेले असतात. वाट पाहण्यात, किट आणण्यात दोन आठवडे गेले. १३ जुलै, सहा आठवडे. नवऱ्याला सांगायला निवांत वेळ शोधण्यात आणखी दोन. २७ जुलै, आठ आठवडे. गोळ्यांनी गर्भपात करता येतो तो नऊ आठवड्यांपर्यंत, म्हणजे ३ ऑगस्टपर्यंत. तिच्या हाताशी उरला एक आठवडा.

आणि ऑगस्ट म्हणजे लालबागमध्ये मांडवांचे बांबू. कोकणातल्या घरांत गावाला जायची तयारी, तिकिटं, मखर, माहेरच्या गौरी. खोलीत पाहुण्यांचे अंथरुणाला अंथरूण. अशा वेळी विषय निघालाच तर एकच वाक्य ऐकू येतं, 'गणपती होऊन जाऊ देत, मग बघू.' त्यात कुणाचा दुष्टपणा नसतो. वाईट बातमीला, पैशाच्या विषयाला, डॉक्टरकडच्या फेरीला, सगळ्याला आपण हेच म्हणतो. पण २४ ऑगस्टला तिचे बारा आठवडे भरतात. बारापर्यंत दहा-पंधरा मिनिटांत उरकणारी गोष्ट त्यानंतर अवघड होत जाते, खर्च वाढतो, आणि करून देणारी ठिकाणं कमी होत जातात. १९ ऑक्टोबरला वीस आठवडे. दिवाळीच्या आसपास पोट दिसू लागतं आणि गॅलरीतल्या काकू विचारतात, 'कितवा?'

त्या प्रश्नाला उत्तर देता देताच निर्णय होऊन गेलेला असतो. कुणी घेतला, ते सांगता येत नाही.

*

यात कायदा कुठं उभा आहे?

१९७१ पर्यंत भारतीय दंडविधानाचं कलम ३१२ सरळ होतं. आईचा जीव वाचवण्याखेरीज गर्भपात करणं हा गुन्हा, करणाऱ्याचाही आणि स्वतःवर करून घेणाऱ्या बाईचाही. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या. म्हणून केंद्र सरकारनं १९६४ साली समिती नेमली. अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. समितीचा अहवाल १९६६ च्या डिसेंबरात आला, त्यावरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. दवाखान्यातल्या भाषेत तो 'एमटीपी'. गुन्ह्याचं कलम मात्र पुसलं गेलं नाही. आज ते भारतीय न्याय संहितेत कलम ८८ म्हणून शिल्लक आहे. एमटीपी कायदा म्हणजे त्या कुलपाची किल्ली, आणि ती डॉक्टरच्या खिशात ठेवलेली.

तरीही या कायद्यात एक ओळ आहे, जी फार कमी बायकांना माहीत असते. गरोदरपणामुळं बाईच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर इजा होईल का, हे ठरवताना डॉक्टरनं तिची प्रत्यक्ष आणि पुढं दिसणारी भोवतालची स्थिती विचारात घ्यायला हरकत नाही, असं कलम ३ सांगतं. आपण ज्याला एका शब्दात 'परिस्थिती' म्हणतो, ती इथं कायद्यात आली आहे. १६० चौरस फूट, कंत्राटी नोकरी, अंगावरचं मूल, दारू पिणारा नवरा, हे सगळं तिथं बसतं. गर्भनिरोधक साधन फसलं, हेही कारण कायदा मानतो. आधी ते फक्त 'विवाहित स्त्री आणि तिचा पती' यांच्यापुरतं होतं. २०२१ च्या दुरुस्तीत तिथं 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले.

त्याच दुरुस्तीनं, २४ सप्टेंबर २०२१ पासून, वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरेसं ठरलं. वीस ते चोवीस आठवड्यांसाठी दोन डॉक्टर लागतात, आणि ती मुभा ठरावीक बायकांना आहे. बलात्कार झालेली, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा झालेली वा घटस्फोट झालेली, अपंग, गर्भात गंभीर व्यंग असलेली, आपत्तीत सापडलेली. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं अविवाहित स्त्रियांनाही यात धरलं. चोवीसच्या पुढं गर्भातल्या मोठ्या व्यंगासाठी वैद्यकीय मंडळ, आणि बाकीच्यांना कोर्टाची पायरी.

सज्ञान बाईच्या गर्भपाताला फक्त तिची संमती लागते. नवऱ्याची सही कायद्यात कुठंही नाही. प्रत्यक्षात अनेक काउंटरवर पहिला प्रश्न येतो तो, 'मिस्टर कुठायत?' डॉक्टरला उद्याचं भांडण नको असतं, म्हणून एक जास्तीची सही. त्या सहीसाठी बाईला पुन्हा घरी जावं लागतं, पुन्हा निवांत वेळ शोधावा लागतो, आणि आणखी दोन आठवडे जातात.

*

लालबागहून दक्षिणेला चालत गेलं की भायखळा लागतं. तिथं मुंबईतल्या कैदी बायकांचा तुरुंग आहे. २०१६ साली अशाच एका कच्च्या कैदी बाईचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून हाती घेतलं. ती चार महिन्यांची गरोदर होती आणि तिला हे मूल नको होतं. कारण तिच्या मांडीवर होतं. पाच महिन्यांचं बाळ, त्याला आकडी येणं, हर्निया, इतर दुखणी. त्यात आणखी एक बाळ ती कसं सांभाळणार होती?

न्यायमूर्ती विजया ताहिलरमानी आणि न्यायमूर्ती मृदुला भाटकर यांच्या खंडपीठानं १९ सप्टेंबर २०१६ ला दिलेला निकाल वाचताना जाणवतं, की न्यायमूर्ती कैद्यांविषयी बोलता बोलता सगळ्याच बायकांविषयी बोलू लागल्या आहेत. हवं असलेलं मूल असेल तर दोघं मिळून सुख वाटून घेतात. नको असताना राहिलं तर पुरुष बाजूला असेलच असं नाही, ओझं एकट्या बाईवर येतं. म्हणून स्वतःचं शरीर आणि मातृत्व याबाबतची निवड तिचीच, लग्न झालेलं असो वा नसो. आणि कैदी बाईला गर्भपात हवा असेल तर तिला वाट पाहायला न लावता तातडीनं रुग्णालयात पाठवा. न्यायालयानं तत्त्व सांगितलं आणि त्याच दमात दिवसांचाही विचार केला. तुरुंगात परवानगीच्या कागदानं चार टेबलं फिरली तर तोवर महिना उलटतो.

त्या बाळाचं वय मला राहून राहून आठवतं. पाच महिन्यांचं बाळ कुशीत आणि पोटात चार महिने. आपल्याकडं पक्की समजूत आहे, की अंगावर पाजत असताना दिवस राहत नाहीत. पाळीच सुरू झालेली नसते, त्यामुळं कालनिर्णयवर फुली नसल्याची शंकाही येत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात दिल्लीत सर्वोच्च न्यायालयापुढं अशीच एक बाई उभी होती. दोन मुलं, धाकटं अंगावर पिणारं, बाळंतपणानंतरचं नैराश्य आणि त्यावरची औषधं. तिसऱ्यांदा दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता, कोर्टात पोचली तेव्हा सव्वीसावा आठवडा. ९ ऑक्टोबरला दोन न्यायमूर्तींनी परवानगी दिली. मग डॉक्टरांनी बाळ जगू शकेल असं कळवलं, त्या दोघींचं आपसांत एकमत राहिलं नाही, आणि १६ ऑक्टोबरला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं परवानगी नाकारली. तिची परिस्थिती त्या आठवड्यात तसूभरही बदलली नव्हती. दहा आठवडे आधी तीच परिस्थिती एका डॉक्टरला पुरेशी वाटली असती.

*

गिरगावला या गोष्टीचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. रघुनाथ धोंडो कर्वे चौपाटीवरच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत. १९२१ साली त्यांनी गिरगावात संततिनियमनाचं केंद्र काढलं. हे भारतातलं पहिलं. लंडनला मेरी स्टोप्स यांचं केंद्र निघालं तेही त्याच वर्षी. या प्रचारापायी कर्व्यांना कॉलेज सोडावं लागलं. १९२७ पासून १९५३ साली मरेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवलं, पत्नी मालतीबाईंच्या साथीनं आणि कायम तोट्यात. घरात ज्याचं नाव काढता येत नाही ते लोक त्यांना पत्रानं विचारत, आणि कर्वे छापून उत्तर देत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा त्यांच्या बाजूनं उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. कर्वे खटला हरले, दंड झाला.

आंबेडकरांना हा विषय पुस्तकातून कळलेला नव्हता. परळच्या बीआयटी चाळीत त्यांची वीसेक वर्षं गेली होती. नळ, संडास, खोकला, बाळंतपण, सगळं एकाच गॅलरीत. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीकामगार बायकांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकाची त्यांनी बाजू घेतली. पुढल्या वर्षी तो कायदा झाला. १९३८ च्या नोव्हेंबरात त्याच मुंबई प्रांताच्या विधानसभेत त्यांच्या पक्षानं संततिनियमनाचा ठराव मांडला, आणि तो फेटाळला गेला. जिला मूल हवं तिला पगारी रजा, जिला नको तिला साधनं. दहा वर्षांच्या अंतरानं आलेल्या या दोन मागण्या एकाच माणसाच्या डोक्यात एकत्र नांदत होत्या. आज 'गर्भपाताच्या बाजूचे' आणि 'बाळाच्या बाजूचे' असे तट पाडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

त्याही आधी १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांपुढं तेव्हा विहीर किंवा काळं पाणी असे दोनच रस्ते असत. फुल्यांनी त्यांना गुपचूप बाळंत होण्याची सोय दिली, आणि मूल न्यायचं की ठेवायचं हे त्यांच्या खुशीवर सोडलं. त्यांतल्याच एका विधवेनं, काशीबाईनं, आपलं मूल दिलं, ते फुल्यांनी दत्तक घेतलं, तोच यशवंत. गिरगावात बसचा कंडक्टर आजही ज्या थांब्याचं नाव पुकारतो, त्या प्रार्थना समाजाच्या मंडळींनी १८७५ साली पंढरपुरात असंच गृह उभं केलं. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या व्यवस्थेत मला 'खुशी' हा शब्द सगळ्यात पुढचा वाटतो. उपकार करताना मोबदल्यात निर्णय मागून न घेणं आजही आपल्याला जमत नाही.

*

हिंदू कॉलनीत पोळ्या लाटणारी आपली बाई मात्र अजून डॉक्टरकडं पोचलेली नाही. वाटेत तिला एक पाटी आडवी येते. प्रत्येक सोनोग्राफी सेंटरबाहेर असते ती, गर्भलिंग निदान हा गुन्हा आहे. पाटी रास्तच आहे. १९८८ साली देशात सगळ्यात आधी महाराष्ट्रानं त्याविरुद्ध कायदा केला, केंद्राचा कायदा १९९४ चा. पण 'स्त्रीभ्रूणहत्या' या शब्दानं पंचवीस-तीस वर्षांत एक घोटाळा करून ठेवला. लिंग बघून गर्भ पाडणं गुन्हा, हे ऐकता ऐकता गर्भ पाडणं हाच गुन्हा, असं अनेकींच्या मनात बसलं. छाप्यांच्या आणि नोंदींच्या धास्तीनं राज्यातल्या कितीतरी औषध दुकानांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच सोडलं. मग उरते ती ओळखीतून, चिठ्ठीशिवाय मिळणारी पट्टी.

या पट्ट्यांचं प्रमाण थोडंथोडकं नाही. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०१८ साली आलेल्या अभ्यासानुसार २०१५ या एका वर्षात देशात अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यांतले ७३ टक्के गोळ्यांनी आणि दवाखान्याबाहेर झाले. वेळेत, योग्य मात्रेत घेतल्या तर या गोळ्या सुरक्षित आहेत. पण गर्भ पिशवीऐवजी नळीत असेल तर त्या उपयोगाच्या नाहीत, आणि नळी फुटली तर जीव जातो. आठवडे मोजण्यात चूक झाली तर रक्तस्राव थांबत नाही. मग रात्री टॅक्सीत टाकून केईएम. तिथं केसपेपर काढताना सोबतची मावशी सांगते, 'पाय घसरून पडली.' खरं सांगितलं तर पोलीस येतील, ही भीती. वास्तविक गर्भपात करून घेतलेल्या बाईचं नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला वर्षभर कैद होऊ शकते, अशी तरतूद कायद्यात आहे.

आता दुसरी बाजू. समजा, ती ठेवायचं म्हणते. एकांतात पाच मिनिटं मिळाली आणि तिला कळलं, की तिला हे तिसरं हवं आहे. तिच्या मागं काय उभं आहे? परळमध्ये रुग्णालयांची वाण नाही. केईएम आणि वाडिया प्रसूतिगृह, दोन्ही १९२६ ची. वाडिया तर गिरणगावातल्या बायकांसाठीच उभं राहिलं. केईएममध्येच ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. बाळंतपण होऊन जाईल. त्यानंतरचं काय? मातृवंदना योजनेचे पाच हजार पहिल्या मुलाला, दुसरी मुलगी असेल तर सहा, तिसऱ्याला काही नाही. सव्वीस आठवड्यांची पगारी रजा नोकरदार बाईला, तीही दोन मुलांपर्यंत, पुढं बारा. पोळ्या लाटणाऱ्या बाईला रजा म्हणजे काम सुटणं. महिनाभरात त्या तीन घरी दुसरी कुणीतरी लाटायला लागते. 'नको' म्हणणाऱ्या बाईला आपण कारण विचारतो. 'हवं' म्हणणारीला मात्र कुणी विचारत नाही, की बाई, तुझं भागणार कसं?

मधली वाट दत्तकाची. जन्म देऊन मूल बालकल्याण समितीपुढं सोपवता येतं, आणि मन बदललं तर परत न्यायला कायदा साठ दिवस देतो. या सगळ्या गुंत्यात, 'पुन्हा विचार कर' असं म्हणून दिवस देणारं हे एकच ठिकाण मला सापडलं.

मन बदलतं, हे कोर्टानंही पाहिलं. २०२४ च्या एप्रिलमध्ये १४ वर्षांच्या एका अत्याचारित मुलीच्या प्रकरणात उच्च न्यायालयानं गर्भपात नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयानं सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांचं मत मागवलं आणि २२ एप्रिलला परवानगी दिली. तिसावा आठवडा आला होता. आठवडाभरात आईवडील कचरले, मुलीच्या जिवाची काळजी वाटू लागली, आणि २९ एप्रिलला न्यायालयानं आपलाच आदेश मागं घेतला. अनेकांनी याला धरसोड म्हटलं. मला त्या निकालातला धागा सरळ वाटतो. गरोदर व्यक्तीचं मत आणि तिच्या पालकांचं मत वेगळं असेल, तर तिचं मत महत्त्वाचं मानायला हवं, असं न्यायालयानं लिहून ठेवलं. पण तिसाव्या आठवड्यात कुठलाही निर्णय चांगला उरलेला नसतो. ही मुलगी पाचव्या आठवड्यात कुणाशी बोलू शकली असती का, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर कोर्टात नसतं, ते घराघरांत असतं.

*

एमटीपीच्या कागदांत 'फॉर्म सी' नावाचं एक पान असतं. संमतिपत्र. 'मी' या शब्दानं सुरू होतं. पुढं कुणाची मुलगी किंवा कुणाची पत्नी ते भरायचं, वय, पत्ता, आणि माझा गर्भपात करायला मी संमती देते आहे असं एक वाक्य. खाली सहीची जागा एक. अल्पवयीन किंवा मनोरुग्ण असेल तर पालकासाठी वेगळा मजकूर, एरवी दुसऱ्या कुणाच्या सहीला त्या पानावर जागाच नाही.

मूल ठेवण्यासाठी मात्र कुठलाच फॉर्म नसतो. तिथं नुसते दिवस गेले तरी पुरतं. म्हणूनच आपल्या बायका तिसऱ्या-चौथ्याबद्दल बोलताना 'राहिलं' म्हणतात. 'मग काय, राहिलं.' 'ठेवलं' असं फार थोड्या म्हणतात. चाळीच्या गॅलरीत कधी कान देऊन ऐका. जी 'ठेवलं' म्हणते, तिच्या आवाजात हाल असतात, पण तक्रार नसते. आणि जी 'नाही ठेवलं' म्हणते, तीही बहुधा मान वर करूनच सांगते. दोघींनाही कुणीतरी एकदा, वेळेत, दार बंद करून विचारलेलं असतं, 'तुझं काय म्हणणं?'

गणपती दरवर्षी येतात. त्याआधी तेवढं विचारून घ्यावं.